चाक

साक्रीहून निघालो तेव्हा पिशवीत त्रेसष्ट पिवळे बिल्ले,
एक पक्कड, निळ्या औषधाची बाटली
आणि साहेबांचं वाक्य : संध्याकाळपर्यंत आटप.

बुराईच्या वरच्या अंगाला, बाभळी संपतात तिथं
धुडकू मारनरचं वाडगं.
छातीइतकी उंच भिंत, चुना नाही, माती नाही,
दगडानं दगड धरलेला.
किती वर्षांची, विचारलं.
"मन्हा आजाना आजाले बी जुनीच व्हती,"
म्हणाला, आणि माझ्या मोटारसायकलीकडे
आजारी वासराकडे बघावं तसा बघत राहिला.

गुरं डोंगरात होती. परवा येणार.
परवा?
"तू बठ ना भो."

बसलो.
नाजूबाईनं कळण्याची भाकरी दिली, लसणीचा ठेचा,
आणि दूध इतकं दाट
की वाटी कलती केली तरी ते आधी विचार करायचं.

रात्री घोंगडी. थंडी पाठीखालून वर येणारी.
कडुनिंबाला बांधलेली कुमैत घोडी
उभ्या उभ्या झोपेत एक खूर बदलायची,
तेवढाच आवाज.
तिच्या गळ्याखाली देवमण.
सारंगखेड्याला एकानं अडीच लाख म्हटले होते.
मग?
"मंग काय. तिनी त्यानाकडे देखं बी नही."

दुसऱ्या दिवशी मला तिच्यावर बसवलं.
फार वेळ नाही. कुसळांत पडलो.
नातू लखा इतका हसला की त्याला उचकी लागली,
आणि घोडी मान वळवून
मी पुन्हा चढतोय की नाही, याची वाट बघत थांबली.
चढलो.
गुडघ्यांनी बोलायचं असतं, धुडकू म्हणाला,
तोंड कशाला वाजवतोस.

तिसऱ्या दिवशी आधी धूळ आली,
मग घुंगरं, मग शिंगं :
मागं झुकून पुन्हा आभाळाकडे वळलेली,
साठ-बासष्ट जोड्या एकदम,
जणू उतारावरून वाळकं रानच चालत येतंय.
एक कालवड फुटली, ओढ्याकडे सुटली.
धुडकूनं लगाम हलवायच्या आत घोडी वळली होती.
बकरीच्या केसांचा दोर हवेत एकदा उलगडला,
आणि कालवड थांबली,
काहीतरी घरी विसरल्यासारखी.

मग माझं काम.
कान धरायचा, पक्कड दाबायची, निळं औषध.
प्रत्येक बिल्ल्याचे बारा आकडे
धुडकू मोठ्यानं वाचायला लावायचा
आणि सोयरिकीत कुळ ऐकावं तसं
डोळे मिटून ऐकायचा.
"हाई मोरी. हाई कोशी. हाई वाकडीनी आंडेर."
मी लिहीत गेलो. फॉर्मात नावाला जागा नव्हती,
समासात लिहिली.

एक बिल्ला उरला.
तो घोडीला लाव म्हणाला. घोड्यांना नसतो, सांगितलं.
त्याला ते पटलं नाही.

निघताना हाताला धरून भिंतीच्या आतल्या अंगाला नेलं.
दगडांवर रेघा. बोटभर, एकीला लागून एक,
काही झिजून नुसत्या स्पर्शाला उरलेल्या.
दर वासरामागे एक रेघ, त्याच्या पणज्याच्याही आधीपासून.
एके ठिकाणी हातभर दगड कोरा.
बहात्तर साल, म्हणाला,
आणि तळवा तिथं जरा ठेवून काढून घेतला.

मी समजत होतो, मोजायला मी आलोय.

खाली, पायाच्या दगडावर, वेगळ्या खुणा.
मुक्कामाला राहिलेले पाहुणे.
ज्याचं जे जनावर, त्याचा खूर :
घोडे, उंट, एक गाढव सुद्धा.
धुडकू छिन्नी घेऊन उकिडवा बसला,
बाहेर माझ्या गाडीकडे बघितलं,
पुन्हा दगडाकडे.
लखानं काहीतरी कानात सांगितलं.
बराच वेळ ठोकत होते दोघं.

चाक आलं. एका बाजूला थोडं चपटं.

निजामपूरच्या अलीकडे मागचा टायर बसला.
ढकलत नेली गाडी, तीन किलोमीटर,
गुडघ्यांनी तिच्याशी बोलत.